यू व्हिसा : खोट्या दरोड्यांची शिक्षा खऱ्या पीडितांना द्यावी का?

दुभाषी (न्यू जर्सी)

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका जाणत्या गृहस्थांनी "यू व्हिसा म्हणजे फसवणुकीचा धंदा झाला आहे, तो बंदच करायला हवा" असे म्हटले आणि भोवतालच्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. हळदीकुंकवाच्या गर्दीत वाद घालणे बरे दिसले नसते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या संसदेने ऑक्टोबर २००० मध्ये मानवी तस्करी आणि हिंसाचाराला बळी पडलेल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यातून दोन व्हिसे आले. तस्करीच्या पीडितांसाठी टी व्हिसा, वर्षाला ५,०००. आणि कौटुंबिक हिंसाचार, बलात्कार, अपहरण, गंभीर मारहाण, खंडणी अशा गुन्ह्यांतील पीडितांसाठी यू व्हिसा, वर्षाला १०,०००, कुटुंबीय वेगळे. पीडिताने तपासाला मदत केली आहे असे प्रमाणपत्र पोलिसांनी, सरकारी वकिलांनी किंवा न्यायाधीशांनी लिहून द्यावे लागते. ज्याच्याकडे कागद नाहीत, किंवा ज्याचे कागद दुसऱ्याच्या मुठीत आहेत, तो माणूस पोलिसांची पायरी चढत नाही, आणि हे त्याला छळणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्या भीतीवर उतारा म्हणून हा कायदा आला.

मी स्वयंसेवी दुभाषी म्हणून काम करते. दोन वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला, तेव्हा त्या न्हाणीघरात नळ सोडून बोलत होत्या, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावे लागत होते. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या गाडीच्या जुडग्यात. मनगटाचे हाड मोडले होते आणि इस्पितळात "जिन्यावरून पडले" असे सांगून झाले होते. त्यांनी पहिल्यांदा विचारले ते एवढेच : "तक्रार केली तर मला आणि मुलाला परत पाठवतील का?"

नवरा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि त्या एच-४वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असता, तर छळ झालेली पत्नी म्हणून त्यांना त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता आला असता. एच-४वरील बायकांना ती वाट नाही. त्यातल्या छळ झालेल्यांसाठी कामाच्या परवान्याची तरतूद २००५ च्या कायद्यात झाली, पण अर्जाचा नमुना निघायला २०१७ उजाडले, आणि त्या परवान्याने या देशात राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळत नाही. अशा बाईसाठी जी मोजकी दारे उरतात, त्यातले मुख्य दार यू व्हिसाचे आहे.

रांगेतला (टेक्सास)

दुभाषीताई, तुमच्या कामाविषयी आदर आहे आणि त्या बाईंना संरक्षण मिळावे याबद्दल दुमत नाही. पण फसवणुकीचा जो मुद्दा तुम्ही ओलांडून पुढे गेलात, तिथे मला थांबायचे आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ मध्ये जे दरोडे रचले गेले, त्यांची कार्यपद्धती सरकारी आरोपपत्रातूनच बाहेर आली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात एक माणूस पिस्तुलासारखे काही दाखवत शिरतो, गल्ल्यातील रोकड घेतो आणि पळतो. सारे कॅमेऱ्यात नीट टिपले जाते. गल्ल्यावरचा माणूस पाचएक मिनिटे थांबतो, 'दरोडेखोर' लांब गेला की मग पोलिसांना फोन करतो. दुकान वापरू दिल्याबद्दल मालकाला पैसे, आणि पीडित म्हणून नाव लागावे यासाठी एकाने २०,००० डॉलर मोजल्याचा आरोप. पुढे लुईझियानामध्ये तर दरोड्याचे नाटकही करावे लागले नाही. माणशी ५,००० डॉलर घेऊन खोटे पोलीस अहवाल लिहिल्याचा आरोप लहान गावांच्या पोलीसप्रमुखांवरच जुलै २०२५ मध्ये ठेवला गेला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रकरणात भारतीय माणसे होती, हे सांगताना मला लाज वाटते.

हे घडते याचे कारण कायद्यातच आहे. कुटुंबीयांसह प्रलंबित अर्ज तीन लाखांच्या पुढे गेले आहेत आणि व्हिसे वर्षाला १०,०००. जून २०२१ पासून अर्ज सकृद्दर्शनी खरा वाटला तर रांगेत असतानाच चार वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो. म्हणजे व्हिसा मिळेल तेव्हा मिळेल, पण अर्ज केल्याचाच लाभ मोठा. जिथे कागदाला एवढे मोल येते, तिथे कागद विकणारा उभा राहणारच.

आणि न्यायाचाही प्रश्न आहे. मी या देशात १४ वर्षे कर भरतो आहे. रोजगारावर आधारित ग्रीनकार्डे वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून मी अजून रांगेतच आहे. माझी मुलगी २१ वर्षांची झाली की तिचा एच-४ संपेल आणि लहानपणापासून ज्या गावात वाढली तिथे तिला परकी विद्यार्थिनी म्हणून राहावे लागेल. यू व्हिसाच्या अर्जदाराच्या मुलाचे वय मात्र अर्जाच्या दिवशीच गोठवले जाते. माझे म्हणणे इतकेच की आरोपीवर खटला उभा राहिल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये आणि प्रलंबित अर्जावर कामाचा परवाना देऊ नये.

वेल्डरचा मुलगा (ठाणे)

तस्करीच्या बाजूचे एक उदाहरण इथे नोंदवतो, कारण त्याचा धागा मुंबईशी जुळतो. कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने मिसिसिपी आणि टेक्ससमधील आपल्या गोद्यांसाठी सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले. भरती मुंबईच्या दलालामार्फत झाली आणि ग्रीनकार्डाच्या आशेवर एकेकाने दहा-दहा हजार डॉलर आणि त्याहून अधिक भरले. हाती पडला तो काही महिन्यांचा एच-२बी, म्हणजे तात्पुरत्या कामाचा व्हिसा, आणि छावणीतली दाटीवाटीची राहणी. २००८ मध्ये कामगार काम सोडून बाहेर पडले, आणि २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच जणांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई ठरवली. यातील अनेकांना टी व्हिसा मिळाला. तो नसता तर साक्ष द्यायला ही माणसे त्या देशात उरलीच नसती. वडील वेल्डर होते म्हणून सांगतो, कर्ज काढून परदेशी गेलेला माणूस मालकाविरुद्ध तोंड उघडायला किती घाबरतो, हे घरात पाहिले आहे.

बचावाच्या बाजूने (कॅलिफोर्निया)

मी आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या कार्यालयात काम करते, म्हणून तिसरीच अडचण मांडते. साक्षीदाराला साक्षीच्या बदल्यात देशात राहण्याची संधी मिळत असेल, तर ती गोष्ट ज्यूरीसमोर आली पाहिजे. आरोपीलाही हक्क आहेत आणि त्यातला पहिला म्हणजे आपल्यावर आरोप करणाऱ्याचा हेतू तपासण्याचा. नेमके याच कारणाने काही सरकारी वकील खटला संपेपर्यंत प्रमाणपत्र देत नाहीत, कारण उलटतपासणीत ते आपल्यावरच उलटेल अशी त्यांना धास्ती असते.

मात्र 'रांगेतला' यांचा उपाय मला पटत नाही. खटला उभा राहिल्यावरच प्रमाणपत्र अशी अट घातली, तर साक्षीदाराला आरोप अधिक गडद करून सांगण्याचा मोह वाढेल. आज कायद्यात शिक्षेची किंवा खटल्याची अट नाही, मदत केली एवढे पुरे आहे, आणि त्यामुळे साक्षीदाराला निकालाशी देणेघेणे राहत नाही. आरोपीच्या दृष्टीनेही हेच सुरक्षित आहे.

सहा महिने (इलिनॉय)

मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून नाव न सांगता लिहिते. पोलिसांच्या सहीचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, त्या मुदतीत अर्ज पोचावा लागतो. माझ्या वकिलांना वैद्यकीय कागद जमवायला उशीर झाला आणि मुदत संपली. पुन्हा गेले तेव्हा आधीचे अधिकारी निवृत्त झाले होते, आणि नव्या साहेबांनी "आम्ही असल्या कागदांवर सह्या करत नाही" असे सांगून लिफाफा न उघडता परत दिला. त्याच फाईलवर त्याच खात्याची सही आधी झाली होती. मला दुसरी सही मिळवायला ११ महिने लागले.

तेव्हा 'रांगेतला' यांना नम्रपणे सांगते : सही पाच हजारांना विकणारा अधिकारी आणि खऱ्या जखमेसमोरही सही नाकारणारा अधिकारी, हे दोघे एकाच व्यवस्थेत बसले आहेत, कारण सही द्यायची की नाही हे पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर आहे. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून कायद्याने मुदत घातली, विनंती आली की ठरावीक दिवसांत निर्णय द्यावाच लागतो. असे बंधन सगळीकडे हवे.

दुभाषी (न्यू जर्सी)

'रांगेतला', तुमच्या मुलीच्या वयाचा मुद्दा मला मनापासून पटतो. पण तिचे वय गोठवावे ही मागणी रास्त असताना, आपण दुसऱ्याच्या मुलाचे गोठवलेले वय काढून घ्यायला का सांगावे? दोन्ही रांगा वेगळ्या आहेत, यू व्हिसाचे १०,००० रद्द केले तरी तुमच्या रांगेत एकही जागा वाढत नाही.

खटल्याच्या अटीबद्दल : मी पाहिलेल्या प्रकरणांत आरोपी नवरा तक्रारीनंतर विमानाने पुण्याला परतल्याचे दोनदा झाले आहे. त्यानंतर खटला वर्षानुवर्षे हलत नाही. त्याच्या पळून जाण्याची किंमत तिने का मोजावी?

परवान्याबाबत तर मी ठामच आहे. रांग अनेक वर्षांची ठेवायची आणि तेवढा काळ काम करू द्यायचे नाही, तर बाई खाणार काय? ती पुन्हा त्याच घराच्या दाराशी जाईल.

रांगेतला (टेक्सास)

परवान्याचा मुद्दा मी मागे घेतो, ते घाईने लिहिले. पण पडताळणीवर मी कायम आहे. एकाच दुकानाच्या पत्त्यावरून किंवा एकाच लहान पोलीस ठाण्यातून अनेक प्रमाणपत्रे येत असतील, तर ती अर्ज तपासणाऱ्या खात्याने आपणहून बाजूला काढून आधी चौकशी करावी. यात खऱ्या पीडितांचे काही जात नाही.

न्हाणीघरातून बोलणाऱ्या त्या बाईंचे पुढे काय झाले?

दुभाषी (न्यू जर्सी)

अशा चौकशीला माझा विरोध नाही, फक्त चौकशी होईपर्यंत त्या ठाण्यातल्या सगळ्याच अर्जदारांचे परवाने अडवू नयेत.

बाईंनी तिसऱ्या फोननंतर पोलिसांना बोलावले. अधिकाऱ्याने आधी नवऱ्याकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि कपाट उघडून दोन्ही पासपोर्ट त्यांच्या हातात दिले. प्रमाणपत्र चार महिन्यांत मिळाले, अर्ज गेला, पोच आली, परवाना अजून आलेला नाही. मनगट जुळले आहे, पण थंडीत पोळपाटावर लाटणे फिरवताना अजून दुखते असे म्हणाल्या. मुलगा आता सातवीत आहे.