भाकरी तीच, वाढप वेगळं

"जुनी माणसं ज्वारी खाऊन धडधाकट होती" असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच पटतं. माणसं म्हणजे कोण?

आमच्या मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारीची भाकरी सगळ्यांनाच, पण दूध-तूप कामाच्या गड्याला आणि पोरग्यांना. आजी सगळ्यांचं उरकल्यावर बसायची. पातेल्याच्या तळाला उरलेल्या रश्शात शिळी भाकरी कुस्करायची, वर शेंगाचटणी. (त्या चटणीनंच तिला तारलं असावं, दाण्यात प्रथिनं तरी होती.) १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, तिची भाकरी धड थापतासुद्धा यायची नाही म्हणे. दुष्काळी कामावर आजीनं खडी फोडली, आणि तिथं खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी पोरांना आणली.

आता धान्याला तोटा नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, पुरुषांत २५ टक्के. पाच वर्षांखालच्या पोरांत तर ६७! पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण आमच्या घरात सून अजून शेवटीच जेवते, आणि जेवणावर लगेच चहा घेते. चहानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला मीच कालपरवा सांगितलं.