एसपीसीचे (आकडे मांडून प्रक्रियेवर नजर ठेवायचे) तक्ते एकदम गुळगुळीत, तरी पॅकिंगमधून टॉवेल परत. एचआरनं काय करायचं?

प्रश्न (टॉवेलवाली_एचआर):
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एचआर बघते. एकटीच. पगारपत्रक, पीएफ, कँटीनच्या चहाची तक्रार, सगळं माझ्याच टेबलावर. वर्षापूर्वी मालकांनी सल्लागार आणून प्रत्येक मागाजवळ तक्ता लावला. दर दोन तासांनी पाच टॉवेलचं जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन) काढून सरासरी आणि पल्ला (सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी) मांडायचा. ऑर्डर ५०० जीएसएमची. आमचे सगळे बिंदू ४९८ ते ५०२ मध्ये, महिनोन्‌महिने! आणि पॅकिंगवाले रोज वजनाला कमी म्हणून गठ्ठे बाजूला काढतात.

मालक म्हणतात, "मॅडम, शिस्त लावा." बिंदू रेषेबाहेर गेला की दर्जा भत्ता कापायचा, असा नियम आहे. ते सर्क्युलर मीच टाइप केलंय. यात माझं काम नेमकं काय?

निवृत्त_क्यूसी:
ताई, उत्तर तुमच्या सर्क्युलरमध्येच आहे. पैसे कापणार म्हटल्यावर ४८४ कोण लिहील? सलग १५ बिंदू मध्यरेषेच्या एका सिग्माच्या (बिंदू साधारण किती पसरतात त्याचं माप) आतच पडले, तर तोही धोक्याचा इशारा धरतात. अमेरिकन अभियंता शुहार्टनं १९२४ मध्ये हा तक्ता मांडला तो प्रक्रिया ओळखायला, माणसाला पकडायला नव्हे.

आमच्याकडे मालकांना पटेना, म्हणून मी दर्जातज्ज्ञ डेमिंगचा मण्यांचा खेळ केला. मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून मणी आणले, ३२०० पांढरे, ८०० लाल. फळीला ५० खळगे. सहा जणांनी डोळे झाकून फळी बुडवायची, लाल निघाला तर दोष. पहिल्या फेरीत ज्याला ६ आले त्याला मालकांनी शाबासकी दिली, दुसऱ्या फेरीत त्यालाच १३. मालक स्वतः बसले तर ११. मग जरा गप्प झाले.

आणखी एक. मे महिन्यात दुपारी शेडमधली हवा कोरडी होते. सुताचा ओलावा उडाला की वजन उतरतं. त्यात बीमचा (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा) ताण, सुताचा काउंट (जाडी). यातलं विणकराच्या हातात काय आहे? भत्ता त्याचा कापता.

जॉबर_पूर्वभाग:
मॅडम, मी जॉबर, म्हणजे माग लावून चालू ठेवणारा. २२ वर्षं मागावर आहे, खरं सांगू का? वजन कुणी करतच नाही. काटा लॅबमध्ये, जाऊन येईपर्यंत माग थांबला तर पीस कमी, पगार कमी. शिफ्ट सुटताना चारही खाने एकदम भरतो. आमच्यातले बरेच घरी तेलुगू बोलतात. मराठी बोलायला फाडफाड, वाचायला अडखळतात. तक्त्यावर 'पल्ला' वाचून एक जण मला विचारला, साडी कधी सुरू केली आपण?

निवृत्त_क्यूसी:
जॉबरसाहेब शंभर टक्के. ताई, काटा शेडमध्ये आणा. वजनात जाणाऱ्या वेळेचे पैसे धरा, पीसमागे पगार असेल तर हे तुमच्याच पगारपत्रकातून होईल. आणि तक्त्यावरच्या रेषा गिऱ्हाइकाच्या मर्यादेच्या आहेत की तुमच्या मोजमापातून काढलेल्या? खऱ्या मोजमापाचे निदान २०-२५ गट होऊ द्या, मग रेषा काढा.

टॉवेलवाली_एचआर:
रेषा गिऱ्हाइकाच्याच निघाल्या. 😐 चार मागांवर महिनाभर भत्ता कापायचा नाही, एवढं मालकांकडून कसंबसं काढलं. वजनाची वेळ हजेरीत धरली, काटा शेडमध्ये, शिकवायला तेलुगू येणारा जॉबर. आज पहिले आकडे आले: ४८१, ५०६, ४८७. मालकांचा फोन, "बघा, बिघडवलं!"

जॉबर_पूर्वभाग:
जुना तक्ता दाखवू नका त्यांना. पॅकिंगनं बाजूला काढलेला गठ्ठा उचला, त्याच काट्यावर त्यांच्यासमोर ठेवा.

टॉवेलवाली_एचआर:
उद्या सकाळी साडेनऊला. काटा मी स्वतः बघून घेते.