स्वयंपाकघरातल्या प्रत्येक धाकाला 'विज्ञान' म्हणायचं का?

उंबरठा:
नातेवाइकांच्या गटात काल एक लांबलचक मजकूर आला, 'आजीचं स्वयंपाकघर हीच खरी प्रयोगशाळा'. ताटात तीन पोळ्या वाढू नयेत, मीठ कुणाच्या हातावर देऊ नये, ग्रहणात काही खाऊ-शिजवू नये, अख्खा भोपळा बाईने आधी चिरू नये, पाळीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला शिवू नये. आणि प्रत्येकापुढे एकेक 'शास्त्रीय कारण'. मीठ हातावर दिलं की म्हणे ऊर्जा वाहून जाते. भोपळ्याच्या कंपनांचा म्हणे गर्भाशयावर परिणाम होतो. खाली भराभर हात जोडलेले, त्यात आमच्याच घरातले दोन डॉक्टर. तिथे तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

मी सणवार मोडणारी नाही. नागपंचमीला आमच्याकडे आजही विळी आणि तवा बंद असतो, पुरणाची दिंडं उकडतात. कांदेनवमीला भजी-थालीपीठ पोटभर होतं आणि मग वांगं घरात येतं ते थेट चंपाषष्ठीच्या भरिताला. का, असं लेकीने विचारलं तर सांगते, आपल्याकडे असं करतात आणि मला ते आवडतं. त्याला खोटं शास्त्र चिकटवायची गरज मला पडत नाही.

खरे नियमही आहेत. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवायचं नाही, कळकतं. अळूच्या फदफद्यात चिंच हवीच. शेवळं ही पावसाळी रानभाजी काकडांच्या आंबट फळांशिवाय शिजवायची नाही, घसा धरतो. कुणाचा तरी घसा खवखवला, कुणाला तरी उलट्या झाल्या, त्यातून आलेलं हे शहाणपण आहे. आजही कुणीही पडताळून बघावं. पण भोपळा? काका गेल्यावर माझी काकू एकटीने ऊस सांभाळायची, कोयता चालवायची. तीच बाई भोपळा आणला की शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारायची, 'एवढा पहिला घाव घाल रे बाबा'. भोपळा-कोहळा बळीच्या जागी कापतात, म्हणून पहिला घाव पुरुषाचा. ही श्रद्धा आहे, तर श्रद्धा म्हणा. विज्ञान म्हणालात तर मी गप्प बसणार नाही.

पाटावरवंटा:
उंबरठा, माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करते. काकूचं वाचून वाईट वाटलं. पण तू सरसकट झोडपतेयस. आमच्या वाड्यात एका चुलीवर वीस-पंचवीस माणसांचं शिजायचं, पोरं पायात घोटाळायची, उजेड कंदिलाचा. तिथे कारणं समजावत बसायला कुणाला सवड होती? 'तापल्या तव्यावर पाणी ओतलंस तर घरात दारिद्र्य येईल,' असं सासूबाई म्हणायच्या. वाफेने हात भाजतो आणि बिडाचा तवा तडकतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण पोर दारिद्र्याला घाबरायचं, वाफेला नाही. दिवेलागणीला केर काढला तर लक्ष्मी जाते म्हणायच्या, कारण अंधारात कानातली फुली केरात गेली तर सापडणार कशी? भीती घातली म्हणून पोरं धडधाकट वाढली. आता ओटा, गॅस, फ्रीज आला म्हणून आम्ही अडाणी ठरलो का?

उंबरठा:
मावशी, अडाणी मी कुणालाच म्हटलं नाही. तव्याचं पटलं. पण पोर मोठं झाल्यावर खरं कारण सांगायला नको? पस्तिशीच्या सुनेलाही दारिद्र्याचाच धाक? आणि तीन पोळ्यांनी कुणाचा हात भाजतो?

कल्हईवाला:
रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून लोणच्याबद्दल बोलतो. लोणचं टिकतं मिठामुळे, कैरीच्या आंबटपणामुळे आणि वर उभ्या राहिलेल्या तेलामुळे. नासतं ते ओल्या चमच्याने, नीट न वाळलेल्या बरणीने, फोडी तेलाबाहेर राहिल्याने. बुरशीला ओल आणि हवा लागते, बरणीला कुणी हात लावला याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. माझी आई बरणीला हिंगाची धुरी द्यायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि कुठल्याही दिवशी लोणचं काढायची. ते पुढच्या कैरीपर्यंत टिकायचं.

पितळेचं उंबरठाताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. आंबटाने तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, कल्हईचा कथलाचा थर ते अडवतो.

नाडी_परीक्षा:
म्हणजे पाश्चात्त्य प्रयोगशाळेचा शिक्का बसला तरच आमचं खरं? विरुद्ध आहार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिलाय. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत, हे आमच्या आज्यांना संहिता न वाचता माहीत होतं. याला तरी परंपरेचं ज्ञान म्हणाल की नाही?

कल्हईवाला:
म्हणेन. चरकाने कारण दिलंय, दूध शीतवीर्य, मासे उष्णवीर्य. ते कारण मला पटत नाही, पण कारण दिलंय म्हणून त्याच्याशी वाद तरी घालता येतो. भोपळ्याच्या कंपनांचं चरकात कुठे आहे ते दाखवा, मग पुढे बोलू.

दुपारचा_चहा:
ग्रहणाचं मला लिहायचंच आहे. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण. माझी नणंद आठव्या महिन्यात होती. ग्रहण लागलं रात्री दहाच्या सुमाराला, पण वेध दुपारपासून, म्हणून तिचं दुपारीच अन्नपाणी तोडलं. मांडी घालून बसू नको, सुरीला हात लावू नको, झोपू नको. मोक्षाची वाट बघताना मध्यरात्री तिला भोवळ आली. मी तिला पाणी पाजलं, तर सासूबाई दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. बाळ ठणठणीत आहे. त्याचं श्रेय मात्र ग्रहण पाळल्याला मिळालं!

पाटावरवंटा:
हे चुकलंच तुझ्या सासूबाईंचं, मी उघड म्हणते. पण दोष परंपरेला देऊ नकोस. पंचांगातच बालक, वृद्ध, आजारी आणि गरोदर बायकांना वेध थोड्या वेळाचे सांगितलेले असतात. अर्धवट वाचून सुनेवर जोर चालवणारी माणसं वेगळी.

दुपारचा_चहा:
मावशी, जोर चालवणाऱ्यांच्याच हातात पंचांग असतं. आठव्या महिन्यातल्या बाईला ते उघडून बघायला कोण देतं?

सड्यावरचा:
एवढ्या गदारोळात सगळ्यात मोठा नियम कुणी काढलाच नाही. अन्न टाकायचं नाही. आमच्या तळकोकणात रात्री उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचे, सकाळी तोच लोणच्याबरोबर नाहीतर भाजलेल्या सुक्या बांगड्याबरोबर खाऊन माणसं शेतात जायची. आईने कधी शीत वाया घालवलं नाही. शिळी भाकरी कुस्करून ताकात, उरलेली आमटी दुपारी. आता मुंबईत माझ्या इमारतीत रोज सकाळी कचऱ्यात अख्ख्या पोळ्या दिसतात. कंपनं, ऊर्जा यांवर वाद घालणाऱ्यांनी आधी हे बघावं.

चौथी_पंगत:
सड्यावरचा, एकच प्रश्न. तुमच्या घरात शिळं कोण खायचं?

सड्यावरचा:
सगळेच खायचे. आई जास्त, कारण तिला आवडायचं.

चौथी_पंगत:
'तिला आवडायचं.' हेच वाचायचं बाकी होतं. माझ्या माहेरी आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुण्या बायका, आणि शेवटी आई. तोवर भाजीच्या पातेल्यात रस्सा उरलेला असायचा. कालची भाकरी आधी संपवायची, म्हणून ती तिच्या ताटात, ताजी बाकीच्यांना. गरोदरपणातही तेच. मी मोठी होऊन तिच्या ताटात माझी गरम भाकरी ठेवली तर ती घाबरून इकडेतिकडे बघायची, कुणी बघितलं तर? 'अन्न हे पूर्णब्रह्म' हे आमच्या घरात भिंतीवर लावलेलं होतं आणि त्या ब्रह्माचा शिळा भाग कायम एकाच माणसाच्या वाट्याला यायचा. लोणचं, भोपळा सोडा. स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा अन्याय या नियमात आहे, आणि त्याला कुणी अंधश्रद्धासुद्धा म्हणत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१: महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. मी त्या आकड्यांत माझी आई बघते.

सड्यावरचा:
माझ्या आईवर घसरायचं काम नाही. तुम्ही तिला ओळखत नाही. गरिबीत पाच पोरं वाढवली तिने, आणि ते तिने प्रेमाने केलं. तिच्या त्यागाला तुम्ही गुलामी म्हणताय.

चौथी_पंगत:
त्याग होता हे मी मान्यच करतेय. पाच पोरं जेवली हे दिसतं. पण त्या पाचांतल्या एकाने तरी कधी म्हटलं का, आई, आज शिळी भाकरी मी खातो?

खानदेशी_ठेचा:
आमच्याकडे कळण्याची भाकरी आजीने कधी पुरुषांच्या आधी खाल्ली नाही, पण आजोबाही ती जेवायला बसेपर्यंत पाटावरून उठायचे नाहीत. सगळी घरं एका मापाने मोजू नका.

कल्हईवाला:
एक गोष्ट मध्येच, कारण ती जिवाशी आहे. शिजवलेला भात रात्रभर तसाच ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि उबदार हवेत वाढतात. त्यांच्यातल्या उलट्या करणाऱ्या विषाला नंतरच्या फोडणीच्या उष्णतेने काही होत नाही. सकाळच्या फोडणीच्या भाताने उलट्या होणारी माणसं मी बघितली आहेत.

सड्यावरचा:
आता आमचा भातही विषारी! आमच्या पिढ्या त्यावर जगल्या, सर.

कल्हईवाला:
नीट वाचा. पाण्यात घालून आंबवलेल्या भातात आम्ल तयार होतं, त्याने बऱ्याच जंतूंना आळा बसतो. तुमच्या आईची पद्धत कोरडा भात तसाच ठेवण्यापेक्षा शहाणी होती. पण ती मातीच्या थंड घरात होती, मुंबईतल्या मे महिन्यातल्या ओट्यावर नव्हे. उरलेला भात लवकर गार करून फ्रीजमध्ये टाका, एवढंच म्हणणं आहे.

सड्यावरचा:
एवढं मान्य. बाकी काही मान्य नाही.

उंबरठा:
धागा माझा असून मीच बाजूला पडले, पण चौथी_पंगत यांनी लिहिलं ते माझ्या पोस्टपेक्षा महत्त्वाचं आहे. फक्त एक भर घालते. स्वयंपाकघरातल्या नियमांनी बाईला शेवटी बसवलं आणि काही माणसांना उंबऱ्याच्या आतच येऊ दिलं नाही. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित अधिकारी बाईंनी पोलिसांत तक्रार दिली, की सोवळ्यातला स्वयंपाक करायला आलेल्या बाईने स्वतःची जात लपवली. तेव्हाही 'स्वच्छतेचं शास्त्र' हेच ऐकू आलं होतं. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून शिजवणं ही स्वच्छता. शिजवणारीची जात विचारणं ही स्वच्छता कशी?

नाडी_परीक्षा:
बघा, आलात शेवटी जातीवर. प्रत्येक धाग्याची गाडी तिथेच नेऊन उभी करायची.

उंबरठा:
सोवळं म्हटल्यावर जात येणार नाही तर काय येणार? तुम्ही कधी बाहेरच्या बाजूने वाढून घेतलंय का? माझ्या वर्गमैत्रिणीला आमच्याच गल्लीतल्या एका घरी वेगळ्या कपात चहा मिळायचा, तो कप कोनाड्यात पालथा असायचा. तिने मला हे बारावीनंतर सांगितलं. मी त्या घरी रोज खेळायला जायचे आणि तो कप मला दिसला नव्हता.

पाटावरवंटा:
तो पालथा कप आमच्याही वाड्यात होता. खोटं कशाला बोलू.

मी नैवेद्य सोवळ्यातच करते आणि करत राहीन, माझ्या देवाचं आणि माझं ते आहे. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना मी आडनावापलीकडे काही विचारलं नाही, आणि आता तेही का विचारलं असा प्रश्न पडलाय. पण तुमचं सगळं मला पटलेलं नाही. सून तापल्या तव्यावर पाणी ओतायला निघाली तर मी तिला ओरडणारच.

चौथी_पंगत:
ओरडा की. फक्त वाफेचं नाव घेऊन ओरडा. आणि आज रात्री शिळी पोळी कुणाच्या ताटात जातेय तेही बघा.

पाटावरवंटा:
आमच्याकडे ती मीच खाते. सून नाही.

चौथी_पंगत:
मावशी, अहो, मग तुम्ही तरी का?