पेम्फिगसला ‘विषाणूचा आजार’ म्हणावं का?

वर्धेकाठचा: आर्वीकडच्या माझ्या मामींना पेम्फिगस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटून फोड आणणारा आजार. आधी तोंडात फोड, मग छाती-पाठीवर. गावात नागीण समजून गेरू लावून झाला होता. पेम्फिगसच्या जखमांत हर्पिसचा (ओठांवर फोड आणणारा) विषाणू सापडल्याचे अहवाल आहेत. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात एप्स्टीन-बार विषाणूनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचा) धोका सुमारे ३२ पट दिसला. तोही पेम्फिगससारखाच स्वप्रतिकाराचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचा, आजार. मग पेम्फिगसचं मूळ विषाणूत आहे असं सरळ का म्हणू नये?

लॅबवाला: कारण जखमेत सापडला म्हणून जखम त्यानंच केली असं होत नाही. या आजारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध, म्हणजे त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाविरुद्ध, अँटीबॉडी बनवतं. १९८२ मध्ये रुग्णांच्या अँटीबॉडी उंदरांच्या पिलांना टोचल्या, तर पिलांना फोड आले. विषाणू लागलाच नाही. आजारी आईच्या बाळालाही कधी जन्मतः फोड असतात, आणि आईच्या अँटीबॉडी ओसरल्या की तेही जातात. वर उपचारातल्या स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली, त्वचा उघडी पडली, की हर्पिसला आयतंच घर मिळतं.

वर्धेकाठचा: फोड अँटीबॉडीनं येतात, कबूल. पण त्या अँटीबॉडी बनायला लागतातच कशामुळे? ब्राझीलच्या काही ग्रामीण भागांत पेम्फिगसचाच एक प्रकार ठाण मांडून आहे, आणि तिथे संशय चावणाऱ्या माश्यांवर आहे. बाहेरची ठिणगी लागते, एवढं तर दिसतं.

लॅबवाला: माशी म्हणजे विषाणू नव्हे. शिवाय ठरावीक एचएलए जनुकं (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकं) असणाऱ्यांतच हा आजार जास्त दिसतो. हर्पिस तर निम्म्या गावाच्या अंगात असेल, मग पेम्फिगस एखाद्यालाच काहून?

कपाशीवाला: तुमचं चालू द्या, पण मले एक सांगा. आमच्या गावात ‘व्हायरस’ म्हटलं का लोकं पह्यले ताट वेगळं करतेत. कोरोनात पाह्यलं नं आपण! पेम्फिगस एकाचा दुसऱ्याले लागत नाही, हे पोस्टात कोठी लिहिलं? मामीच्या पंगतीले कोण बसन?

त्वचावाली: कपाशीवाल्यांशी सहमत, पण विषाणूचा विषय एका ठिकाणी जिवाचा आहे. उपचारानं बरा होत आलेला रुग्ण अचानक चिघळला, फोड दुखरे झाले, की घरचे म्हणतात गोळी वाढवा. आत हर्पिस असेल तर नुसतं स्टिरॉइड वाढवून आगीत तेल. तेव्हा आधी जखमेचा नमुना तपासायला हवा, आणि हर्पिस निघाला तर ॲसायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध. आणि हो, नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं येते आणि दोन-चार आठवड्यांत वाळते. तोंडातले फोड महिनोन्‌महिने भरत नसतील तर गेरू नाही, बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी.

वर्धेकाठचा: ताट वेगळं करू नये, यात वादच नाही. पण लोक घाबरतील म्हणून कारण शोधायचंच नाही, हे मला पटत नाही.

कपाशीवाला: शोधा नं बापा, कोन नाही म्हनते? डॉक्टरले इचारा. मामीच्या शेजारनीले कायले सांगून राह्यले?