संत्र्याच्या सालीने शिसं काढताना पाणी पिवळं होतं, आकडेही हलतात

निर्झर_क
वाळवून दळलेली संत्र्याची साल वापरतेय. लीटरला ५० मिलिग्रॅम शिसं असलेलं लेड नायट्रेटचं द्रावण १०० मिली, त्यात अर्धा ग्रॅम भुकटी, दोन तास ढवळणं. पाणी पिवळं होतं. शिसं कधी ९० टक्के निघतं, कधी निम्मंच. नळाच्या पाण्यात द्रावण केलं तर जवळपास सगळं निघतं! हीच भुकटी क्रोमियमला चालेल का?

साल_आणि_भुसा
भुकटी कमी पडत नाहीये, मात्रा भरपूर आहे. साल धुतलेली नाही, हे मूळ. पिवळेपणा म्हणजे साखर, रंगद्रव्यं आणि सुटं पेक्टिन (सालीतला चिकट पदार्थ). हे सुटं पेक्टिन शिशाला धरतं खरं, पण पाण्यातच राहून गाळण कागदातून पार जातं.

दळण्याआधी तुकडे ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. ६० अंशांवर वाळवा, दळा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. मग ०.१ मोलर कॉस्टिक सोड्यात (लीटरला ४ ग्रॅम) तासभर, गरम न करता. त्याने पेक्टिनचे एस्टर तुटून शिसं धरणारे कार्बॉक्सिल गट मोकळे होतात. सोडा जास्त झाला किंवा तापवलात तर बुळबुळीत लगदा होतो आणि कामाचा भागच वाहून जातो. धुऊन ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवा, कॅल्शियम साखळ्या बांधून ठेवतं. शेवटी पुन्हा धुवा, सामू उदासीन येईपर्यंत.

सामू_बघा
नळाच्या पाण्यातलं ते यश खोटं आहे. तिथल्या कार्बोनेटमुळे शिसं साका होऊन बसतं आणि कागदावर अडकतं, सालीचा त्यात फारसा हात नाही. सोडा नीट न धुतलेली भुकटीही सामू ६ च्या वर नेऊन हाच घोळ करते.

सामू ५ ला आणा, ढवळून झाल्यावर परत मोजा. ३ च्या खाली गेलात तर हायड्रोजन आयनच जागा बळकावतात. आम्ल नायट्रिकच वापरा. सल्फ्युरिकने लेड सल्फेटचा साका पडतो, फॉस्फेट बफरचंही तेच. दर वेळी भुकटीविना एक कोरा नमुना चालवाच. कागदही शिसं धरतो, म्हणून गाळलेले पहिले १० मिली टाकून द्या. उरलेल्यात नायट्रिक घालून सामू २ च्या खाली न्या, नाहीतर शिसं बाटलीच्या काचेला चिकटतं.

साल_आणि_भुसा
क्रोमियमचं गणित उलटं. षट्संयुजी क्रोमियम ऋणभारित असतं, ते सामू २ च्या आसपास बसतं. शिवाय साल त्यातल्या बऱ्याच भागाचं त्रिसंयुजीत रूपांतर करते. डायफिनाइलकार्बाझाइड हे रसायन फक्त षट्संयुजी क्रोमियमशीच रंग देतं, म्हणून त्याचा रंग गेला म्हणजे क्रोमियम गेलं असं नाही, एकूण क्रोमियम मोजा.

निर्झर_क
वापरलेल्या भुकटीचं काय? आणि हे पाणी पिण्याजोगं होईल?

सामू_बघा
०.१ मोलर नायट्रिकमध्ये ढवळलंत की शिसं सुटतं, भुकटी परत वापरता येते. ते आम्ल आणि निकामी भुकटी घातक कचऱ्यातच द्या. कंपोस्टमध्ये नको, जाळायची तर अजिबात नाही.

पिण्यासाठी नाही. ५० तले ९० टक्के काढले तरी लीटरला ५ मिलिग्रॅम उरतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ०.०१ आहे, म्हणजे अजून पाचशे पट.