द्राक्षबागेतले लग्न : बागेचे वेळापत्रक, लांब मेज आणि हाताने केलेली सजावट

प्रश्न : निवांतवेळ

आम्हा दोघांना द्राक्षबागेत लग्न करायचे आहे. पाहुणे सत्तर-ऐंशीच्या घरात असतील. भव्य मंच, कर्कश ध्वनियंत्रणा आणि मिनिटामिनिटाला आखलेला कार्यक्रम यांपैकी काहीही नको आहे. ऊन कलल्यावर पाहुण्यांनी यावे, विधी आटोपशीर व्हावा, मग वेलींच्या ओळीमध्ये एकाच लांब मेजाभोवती सगळ्यांनी बसावे आणि अंधार पडेपर्यंत गप्पा रंगाव्यात, एवढीच आमची कल्पना आहे. सजावट मात्र शक्यतो हाताने केलेली असावी अशी हौस आहे: निमंत्रणे, प्रत्येकाच्या जागेवर ठेवायच्या नावाच्या चिठ्ठ्या, मेणबत्त्या, फुले, हातरुमाल. घरात चांगले लिहिणारे आणि शिवणारे हात आहेत, पण यादी इतकी वाढत चालली आहे की आदल्या रात्री आम्ही कात्री आणि डिंक घेऊन बसलेले असू, अशी चिन्हे दिसतात. वेलींवर घड लगडलेले असताना लग्न व्हावे असे मनात आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : बागायतदार

सुरुवात बागमालकाकडून करावी, आणि तारीख ठरवण्याआधी करावी. द्राक्षबाग ही चालती शेती आहे आणि तिचे वर्षाचे वेळापत्रक लग्नासाठी हलत नाही. वाइनच्या द्राक्षांची काढणी उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. घड लगडलेले म्हणजे काढणीच्या तोंडावरचे दिवस, आणि छायाचित्रांत सर्वांत देखणा दिसणारा हाच काळ प्रत्यक्षात सर्वांत गैरसोयीचा असतो. मण्यांत पाणी उतरले, म्हणजे द्राक्षे मऊ आणि गोड होऊ लागली, की पक्षी तुटून पडतात, म्हणून बऱ्याच बागांत ओळीच्या ओळी जाळीने झाकतात. काही ठिकाणी पक्षी उडवण्यासाठी गॅसचे बार ठरावीक अंतराने दिवसभर वाजत राहतात. शपथा घेताना तसा एक बार झाला तर पाहुण्यांना आयुष्यभर पुरेल अशी आठवण मिळेल, पण ती तुम्हाला हवी असलेली नव्हे. पिकलेल्या फळावर आणि उघड्या ग्लासांवर गांधीलमाश्या येतात, ते वेगळेच. शिवाय काढणीची तारीख फळातली साखर आणि हवामान पाहून ऐन वेळी ठरते, त्यामुळे तुमच्याच दिवशी पहाटेपासून ट्रॅक्टर फिरू शकतात.

त्याआधीचे दोन-तीन महिने बाग हिरवीगार असते, पण फवारण्याही तेव्हाच जोरात असतात. भुरी आणि केवडा हे वेलींवरचे बुरशीचे रोग; भुरीसाठी गंधक आणि केवड्यासाठी तांब्याची औषधे आजही वापरात आहेत. फवारणीनंतर किती वेळ बागेत शिरू नये हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. मालकाकडून त्या आठवड्याचे फवारणीचे नियोजन लेखी घ्यावे. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा निळसर थर पानांवर राहतो आणि पांढऱ्या कपड्यांना लागतो. गंमत म्हणजे फ्रान्सच्या मेडॉक भागात असे मिश्रण आधी रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून. त्या वेलींना केवडा कमी लागतो हे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला.

माझे मत विचाराल तर काढणी झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे धरावेत. पाने अजून वेलीवर असतात, पुष्कळ जातींची पिवळी किंवा तांबूस होऊ लागतात, जाळ्या निघालेल्या असतात आणि मालकाला तुमच्याशी बोलायला सवड असते. घड हवेच असतील तर मेजापासून दूरची एखादी ओळ न तोडता ठेवता येईल का, असे विचारून पाहावे. काही मालक तयार होतात.

उत्तर : मांडणीकार

वेलींच्या ओळीमध्ये लांब मेज ही कल्पना सोडून द्यावी. ट्रॅक्टर चालणाऱ्या बागांत दोन ओळींमधले अंतर बहुधा दोन ते तीन मीटर असते. पाऊण मीटर रुंदीचे मेज, दोन्ही बाजूंना माणसे बसलेल्या खुर्च्या आणि त्यांच्या मागून वाढप्याला जायला वाट, हे सगळे त्यात बसत नाही. ठिबकच्या नळ्याही कुठे घोट्याशी तर कुठे गुडघ्याशी असतात, त्यांत साडी किंवा झगा अडकलाच म्हणून समजावे. ओळींच्या टोकाला ट्रॅक्टर वळवण्यासाठी मोकळी पट्टी सोडलेली असते, ती मेजासाठी उत्तम. एका बाजूला वेली दिसतात आणि पायाखालची जमीनही दाबून घट्ट झालेली असते. तरीही निमंत्रणातच सपाट तळाची पादत्राणे घालण्याची सूचना करावी, कारण टोकदार टाच मऊ मातीत रुतते.

विधीची जागा पाहायला जाल तेव्हा त्याच घटकेला जावे, दुपारी बारा वाजता नव्हे. पाहुण्यांची तोंडे पश्चिमेकडे असतील तर मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत जाईल. पुष्कळ बागांत ओळी उत्तर-दक्षिण असतात. आसने त्याच दिशेने मांडली तर ऊन बाजूने येते आणि कोणालाही डोळे बारीक करून बसावे लागत नाही. बाग उतारावर असेल तर मेज वरच्या अंगाला लावावे, कारण सूर्यास्तानंतर गार हवा उताराने खाली सरकते आणि तळाशी साचते. गप्पा रंगवायच्या असतील तर थोड्या शाली हाताशी ठेवाव्यात. पावसासाठी पर्यायी छप्पर मालकाकडे आहे की आपल्याला आणायचे आहे, हे करारात लिहून घ्यावे.

उत्तर : कागदवेडी

हाताने काय करावे याची माझी कसोटी सोपी आहे: जे पाहुणा हातात घेईल ते स्वतः करावे, जे तो लांबून पाहील ते बाग सांभाळते. त्यामुळे निमंत्रण, नावाची चिठ्ठी आणि हातरुमाल हे तीन राहिले तरी पुरे. कमानी, झुंबरे, फुलांच्या भिंती यांच्या वाटेला जाऊ नये. शेकडो वेलींसमोर त्या केविलवाण्या दिसतात.

निमंत्रणासाठी सुती लगद्याचा, कडा न कापलेला हातकागद घ्यावा, पण आधी नमुन्याच्या तावावर तुमच्याच शाईने आणि टाकाने लिहून पाहावे. पुरेशी खळ नसलेल्या कागदावर शाई धाग्याधाग्याने पसरते आणि सुंदर वळणाचे अक्षरही केसाळ दिसू लागते. खळ नीट असेल तर उभी रेघ दोन्ही कडांनी स्वच्छ राहते. नावाच्या चिठ्ठ्या मात्र यादी पक्की झाल्यावरच लिहाव्यात आणि दहा-पंधरा कोऱ्या जास्तीच्या कापून ठेवाव्यात.

मेणबत्त्या विकत आणल्या तरी काही बिघडत नाही. स्वतः ओतायच्याच असतील तर मधमाश्यांचे मेण घ्यावे. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर सोयाबीनच्या मेणाचे पुष्कळ प्रकार त्याहून बरेच आधी वितळतात. दोन्ही उन्हात मऊ पडतात, म्हणून संध्याकाळीच मांडाव्यात. ज्योतीपेक्षा उंच काच नसेल तर वारा त्यांना टिकू देणार नाही, आणि सुक्या गवताजवळ उघडी ज्योत तर नकोच.

निवांतवेळ

मनःपूर्वक आभार. मालकांशी बोलणे झाले. काढणीनंतरचा काळ त्यांनाही सोयीचा आहे आणि मेज टोकाच्या पट्टीवर लावायचे ठरले. दोन शंका उरल्या आहेत. हातरुमाल द्राक्षाच्या सालींच्या रंगात रंगवता येतील का? आणि छाटणीच्या काड्यांची वेटोळी करून मेजावर ठेवायची आहेत, पण आमच्या बागेतली छाटणी तर हिवाळ्यात, लग्न झाल्यावर होणार.

उत्तर : कागदवेडी

रंग चढेल, पण टिकणार नाही. सालीतला रंग आम्लात तांबडा आणि अल्कलीत निळसर-करडा होतो, आणि उजेडाने विटतो. तुरटीच्या पाण्यात कापड आधी भिजवले तर थोडी पकड मिळते, तरी साध्या साबणाच्या पहिल्या धुण्यातच छटा बदलेल. रुमाल पाहुण्यांनी घरी न्यावेत असे असेल तर कोऱ्या रंगाचे सुती किंवा तागाचे कापड कडा दुमडून हाताने शिवावे. रंगाची हौस बांधायच्या फितींवर भागवावी, कारण त्या एका संध्याकाळपुरत्याच लागतात.

उत्तर : बागायतदार

काड्या यंदाच्या हिवाळ्यातल्या घ्याव्यात, म्हणजे लग्नाच्या आधीच्या छाटणीच्या. छाटल्याबरोबर त्या लवचिक असतात, तेव्हाच वळवून वेटोळी करावीत आणि कोरड्या जागी टांगून ठेवावीत. वाळून गेल्या असतील तर काही तास पाण्यात भिजवाव्यात. मालक एरवी त्यांचा भुगा करतात किंवा जाळतात, त्यामुळे छाटणीच्या आठवड्यात दोन भारे बाजूला ठेवायला सांगितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.