जुन्नर ते नाणेघाट रोडबाईकवर: २५चे टायर चालतील का?

पॅडलवाली
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मावसबहीण, दोघी चाळिशीच्या, चिंचवडला राहतो. गेल्या वर्षी सेकंडहँड रोडबाईक घेतल्या, आजवर जास्तीत जास्त ७० किमी मारलेत तेही सपाटीला. डिसेंबरात जुन्नर ते नाणेघाट जाऊन-येऊन करायचंय, मॅपवर साधारण ६०-६५ किमी दाखवतंय. टायर २५चे (म्हणजे २५ मिमी रुंद) आहेत, त्या रस्त्याला झेपतील का? घरनंच सायकलवर निघावं की गाडीत टाकून जुन्नरपर्यंत न्याव्यात? आणि तिसरा प्रश्न बिबट्या. सासूबाई रोज सकाळी पेपरातली बिबट्याची बातमी मोठ्याने वाचून दाखवतात, मुद्दाम मी चहा घेत असताना. आम्ही एरवी ऊन टाळायला पाचला निघतो.

जुना_हर्क्युलिस
घरनं सायकलवर अजिबात नको. चाकण, राजगुरुनगर, मंचर हा सगळा हायवे ट्रक आणि कंपन्यांच्या बसचा, त्यात नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे टोमॅटोचे पिकअप असे सुटतात की जणू मार्केट पाच मिनिटांत बंद होणारे. ते ९० किमी मारून तुम्ही फक्त दमणार, बघणार काहीच नाही. गाडीत टाका, जुन्नरला मुक्काम करा, सकाळी ताज्या पायांनी निघा.
टायर २८चे बसत असतील तर बसवा, फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी बघा, जुन्या रोडबाईकला बऱ्याचदा नसते. नसेल तर २५वर पण होईल, फक्त पंपाने १०० पीएसआयपर्यंत हवा ठासून भरू नका, वजन बघून ८०-८५ ठेवा. रस्ता डांबरी आहे पण पावसाने खाल्लेले तुकडे असतात आणि गावागावात पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर. उतारावर हात ब्रेकवरच ठेवा. ट्यूब दोन-दोन घ्या.

कुकडीकाठ
ताई मी याच वाटेवरच्या आपटाळ्याच्या बाजूचाच, त्यामुळे थोडं सांगतो. बिबट्या आहे, नाही म्हणणार नाही, माणिकडोहला तर त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. पण बिबट्याचा मुक्काम उसात, आणि ऊस मुख्यतः खालच्या अंगाला, नारायणगाव-ओझर साइडला. तुम्ही जाणार पश्चिमेला, तिकडे भाताची खाचरं. तरी पाचला निघू नका. ऊसतोड चालू झाली की बिबटे जागा सोडून फिरायला लागतात, आणि रोडबाईकवर माणूस वाकलेला, लांबून चार पायांचाच दिसतो. सूर्य वर आला की निघा, सातनंतर. डिसेंबरात ऊन कसलं लागतंय, उलट गारठ्याने बोटं ब्रेक दाबेनात एवढी थंडी असते.
दुसरं म्हणजे रस्त्यावर ठिकठिकाणी पेंढा नाहीतर खुरासणी पसरलेली असेल. त्यावरून सायकल घालू नका, कुणाचं तरी पीक आहे ते, आणि काड्या तुमच्या त्या नाजूक गिअरमध्ये जाऊन बसतात. आपटाळ्यात पाणी भरून घ्या, पुढे दुकानं कमी.
चावंड किल्ल्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून थोडं आत पूर गाव आहे, तिथे कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर. आमची कुकडी तिथून निघते. लोक थेट नाणेघाटाला पळतात, ते राहूनच जातं.

लेणीवेडा
कुकडीकाठ यांना अनुमोदन. एक गोष्ट टाकतो जी मला सायकलवर गेल्याशिवाय कळलीच नव्हती, गाडीने चार वेळा गेलो असेन तरी. हा जो रस्ता आहे तो साधारण सातवाहनांच्या व्यापारी वाटेचाच पट्टा. सोपारा-कल्याणला जहाजातून उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणला. माल बैलांच्या पाठीवर, त्यामुळे घाटमाथ्यावर आल्यावर वाट नदीच्या खोऱ्यातूनच जाणार, उगाच डोंगर कोण चढेल. म्हणून जुन्नरहून निघाल्यावर चढ आहे असं वाटतच नाही, माणिकडोह धरणाचं पाणी सोबतीला असतं आणि येताना एकदम लक्षात येतं की अरे पॅडल न मारता चाललोय. बैलाला जमायचं ते तुमच्या रोडबाईकच्या गिअरला जमेल, काळजी नको.
घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे सांगतात. फोटो काढा पण तिथेच थांबू नका. दहा मिनिटं खाली उतरलं की गुहा आहे, तिच्या भिंतींवर नागणिका राणीचा ब्राह्मी लेख. कुठला यज्ञ केला, किती गाई दिल्या, किती कार्षापण नाणी दिली, अक्षरशः खर्चाची वही. त्यातले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी धरतात, इसवीसनाच्या आधीचे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते, आता फक्त पावलं आणि वर नावं. सिमुक सातवाहन, सातकर्णी वगैरे.
आणि जुन्नरला मुक्काम आहेच तर शिवनेरीला फक्त जन्मस्थान बघून परत फिरू नका, पोटात लेणी आहेत. तिथे एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी परक्या मुलखातून येऊन पाण्याची सोय करून गेला, आणि आपण वीस रुपयांची बाटली पिऊन झाडाखाली टाकतो.

सावकाश_पण_रोज
@लेणीवेडा दहा मिनिटं खाली हे तुमच्यासाठी, क्लीटवाल्यांसाठी (पॅडलमध्ये अडकणारे बूट घालणाऱ्यांसाठी) नाही. मी गेलो होतो कडक सोलचे बूट घालून, त्या दगडी वाटेवर बदकासारखा उतरलो आणि शेवटी बूट हातात घेऊन अनवाणी. ताई, साधे बूट आणि फ्लॅट पॅडल लावा सरळ. वाटेत चावंडचा मोह होईल, तोही त्या दिवशी नको, १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्या पायऱ्या तोफांनी उडवल्या आणि आता रेलिंगला धरून चढावं लागतं, एवढी सायकल मारून मांड्या थरथरत असताना ते करू नये. पावसाळ्यातल्या रविवारी तर हा रस्ता विसराच, वाऱ्याने पाणी वर उडणारा तो उलटा धबधबा बघायला अख्खं पुणे आणि मुंबई येते.

जुना_हर्क्युलिस
क्लीटला दोष देऊ नका राव, पिशवीत चप्पल टाकायची.

सावकाश_पण_रोज
पिशवी कुठाय रोडबाईकला. तुमच्या हर्क्युलिसला कॅरिअर आहे म्हणून.

पॅडलवाली
जाऊन आलो!! सगळ्यांना मनापासून थँक्यू. २८ बसले नाहीत, २५वरच गेलो, ८० पीएसआय, एकही पंक्चर नाही. सव्वासातला निघालो, माणिकडोहच्या पाण्यावर इतकं धुकं की बहीण पुढे पन्नास फुटांवर होती तरी फक्त तिचा लाल लाइट दिसत होता.
पेंढ्याचं वाचलं होतं तरी एका वळणावर बहीण गेलीच आत, आणि व्हायचं तेच झालं, चेन जॅम. ज्यांचा पेंढा होता त्या मावशी ओरडतील म्हणून आम्ही आधीच सॉरी सॉरी करत होतो, तर त्यांनी विळा आणला आणि एकेक काडी इतकी सफाईने काढली की दुकानात सर्व्हिसिंगलाही कुणी काढत नाही. वर चहा. घरामागे हिरड्याचं झाड होतं, मूठभर हिरडे पदरात घातले, खोकल्याला. "एवढ्या बारीक चाकावर मुंबईहून आलात?" आम्ही चिंचवड म्हटलं तर जरा हिरमुसल्याच.
कुकडेश्वरला अर्धा तास नुसतं बसलो, आम्ही आणि पुजारी सोडून कुणी नाही. रांजणाजवळ रिल्सवाल्यांची लाइन होती, गुहेत मात्र दोघीच. त्या पावलांसमोर उभं राहिल्यावर कसंतरीच झालं. बहीण म्हणाली निदान चपलांचा नंबर तरी कळतोय.
येताना लेणीवेडा म्हणाले तसंच, उतार कळतच नाही पण सायकल पळते. शेवटचे १० किमी तर आम्ही गाणी म्हणत आलो. रात्री जुन्नरात मासवडी आणि भाकरी, तीन-तीन खाल्ल्या.
सासूबाईंना बिबट्या दिसला नाही हे सांगितलं, त्यांचा विश्वास बसलेला नाही.
एकच काम आहे, चावंडच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरला माझी निळी बाटली उडाली आणि खाली उतारात गेली. कुकडीकाठ दादा, त्या बाजूला जाणं झालं तर बघाल का? वीस रुपयांची नाहीये ती.

कुकडीकाठ
बघतो. मावशींच्या घराच्या अलीकडे की पलीकडे?